भुताला हसणाऱ्यांची बाजू

कॉमिकच्या चालू मालिकेत नवा मायावी खलनायक दाखल झाला, की आमच्याकडचे वाचक अंक एका दमात संपवतात आणि लगेच त्या खलनायकाला धारेवर धरतात. "भो, हाई भूत शे का बँडवाला?" असं एकानं म्हटलं की दुसरा त्याच्या शिंगांची मापं काढतो. तिसरा विचारतो, मध्यरात्री गावाबाहेर भटकणाऱ्या या राक्षसाला केळीला पाणी द्यायला निघालेला एकही शेतकरी कसा आडवा आला नाही? रावेर-यावलकडे शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की शिवारात बॅटऱ्या घेऊन फिरणारी माणसंच माणसं असतात. ज्यानं ते पाहिलंय त्यालाच हा विनोद सुचतो.

ही थट्टा अनेकांना खुपते. जळगाव-धुळ्याच्या वाचकांमध्ये वावरताना तिच्यावरचे तीन आक्षेप मी पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहे. पहिला आक्षेप जाणकार वाचकांचा. त्यांचं म्हणणं असं, की भयकथा मन लावून वाचायची गोष्ट आहे आणि ज्याला हसू आलं त्यानं ती वाचलीच नाही. लेखक-चित्रकारांनी मेहनतीनं उभा केलेला खलनायक दोन टोमण्यांत मातीला मिळतो आणि पुढच्या अंकात कुणालाच धडकी भरत नाही. दुसरा आक्षेप श्रद्धाळूंचा. वेताळ, म्हसोबा, आसरा ही आपली दैवतं, तंत्रमंत्र ही पूर्वजांची विद्या, तेव्हा असल्या विषयांची टिंगल म्हणजे संस्कृतीची टिंगल. तिसरा आक्षेप आमच्या विवेकवादी मित्रांचा. मुळात मुलांच्या हाती पडणाऱ्या कॉमिकमध्ये भुतंखेतं असावीतच कशाला, असं ते विचारतात. हसत हसत का होईना, मुलांच्या डोक्यात भूत शिरतं आणि तिथून ते निघत नाही, ही त्यांची काळजी.

तिन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, आणि माझ्या मते तिन्ही चुकीचे आहेत. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. कथेत भुताचा खलनायक असायला हरकत नाही, पण त्याला हसायची मोकळीक त्याच्या जोडीनं यायलाच हवी. जिथं भुताला हसता येत नाही तिथं ते कथेत राहत नाही, गावात येतं. खानदेशात ते गावात आलं की कुणाचा बळी जातो, हे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आधी जाणकारांशी बोलू. हसणारा वाचक उथळ असतो ही त्यांची समजूत आमच्या वाचनाच्या इतिहासाशी जुळत नाही. 1964 मध्ये टाइम्स समूहानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. ली फॉकच्या दोन नायकांनी, वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांनी, मराठी वाचकांच्या दोन पिढ्या बांधून ठेवल्या. वेताळाच्या कथांची गंमत काय होती? जंगलातल्या टोळ्यांना वाटायचं की हा अमर आहे, चारशे वर्षं जगतोय. वाचकाला मात्र पहिल्या पानापासून माहीत असायचं की हा त्या घराण्यातला एकविसावा माणूस आहे. बापाच्या मागून मुलगा तोच पोशाख चढवतो, त्याच कवटीच्या गुहेत बसतो आणि दरारा पुढं चालू राहतो. भुतामागं माणूस उभा आहे हे गुपित कथा वाचकाला विश्वासात घेऊन सांगत होती. त्या गुपितात सामील झालेल्या मुलानं पुढं एखाद्या नकली राक्षसाचा बुरखा ओढला, तर त्याला उथळ कसं म्हणायचं? त्याला तेच शिकवलं होतं.

मग 1986 मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला. परशुराम शर्मा यांची कथा आणि पुण्याच्या प्रताप मुळीक यांची चित्रं. पुढच्याच वर्षी अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव आला. ही कॉमिक्स हिंदी, पण खानदेशाला हिंदी परकी नव्हती. बुऱ्हाणपूर शेजारी, भुसावळसारखं जंक्शन घरात, आणि बाजारपेठेत मराठी, अहिराणी, हिंदी एकाच दमात बोललेली. दुकानाच्या दोरीवर टांगलेले अंक दिवसाच्या भाड्यानं मिळायचे. एकानं आणलेला अंक संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या हातून फिरायचा आणि दुसऱ्या दिवशी कोपरे दुमडून दुकानात परत जायचा.

ध्रुवाकडे कुठलीही दैवी ताकद नाही. सर्कशीत वाढलेला हा मुलगा पशुपक्ष्यांची बोली जाणतो आणि विज्ञानाचं ज्ञान व हजरजबाबी डोकं या बळावर लढतो. आमच्यातल्या किती जणांनी त्याच्यामुळं शाळेचं विज्ञानाचं पुस्तक आवडीनं उघडलं! ग्रँड मास्टर रोबोसारखा अर्धा माणूस, अर्धं यंत्र असलेला शत्रू त्याच्यासमोर शोभायचा. मग चंडकालासारखे मायावी खलनायक मालिकेत येऊ लागले, तेव्हा वाचक हसले आणि कुरकुरलेही. त्या हसण्यात एक अचूक प्रश्न होता. हवेतून काहीही निर्माण करणाऱ्या, मेला तरी परत येणाऱ्या शत्रूसमोर डोक्यानं लढणाऱ्या नायकाचं डोकं काय कामाचं? हा प्रश्न एखाद्या समीक्षकानं दहा पानं लिहून विचारला असता तर जाणकारांनी मान डोलावली असती. शाळेच्या मागच्या बाकावरून तोच प्रश्न विनोदाच्या रूपात आला म्हणून तो पोरकट ठरत नाही.

भुताटकीच्या कथेचं एक शास्त्र आहे आणि आपल्याकडे ते फार जुनं आहे. मायावी शत्रूला नियम असावे लागतात. 'चांदोबा'त वर्षानुवर्षं चाललेल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी आठवा. राजानं उत्तर माहीत असून दिलं नाही तर त्याच्या डोक्याची शकलं होणार, आणि उत्तर दिलं की मौन मोडणार व वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार. दोन्हीकडून कोंडी करणारा हा नियम पक्का आहे म्हणून प्रेत खांद्यावर घेऊन चाललेला राजा प्रत्येक वेळी नव्यानं आवडतो. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तही ही कथामाला आहे. इतकी शतकं ती टिकली याचं एक कारण हा नियमच आहे. ज्या खलनायकाला नियम नाहीत, जो लेखकाला वाटेल तेव्हा वाटेल ते करू शकतो, त्याच्यावरचा विजयही लेखकाच्या मर्जीचा असतो. वाचक अशाच खलनायकाला हसतो. कारागिरी कुठं कच्ची राहिली हे त्या हसण्यातून नेमकं कळतं, आणि ज्याला मालिका टिकवायची आहे अशा लेखकानं ते कान देऊन ऐकावं.

पक्क्या नियमांचा खलनायक थट्टेनं मरत नाही, याचा पुरावा मराठी घराघरात आहे. 1993 मध्ये महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. मरता मरता मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरलेला गुंड तात्या विंचू हा त्यातला खलनायक. दिलीप प्रभावळकरांनी त्याला जीव दिला आणि रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्याला हालचाल दिली. कल्पना मूळ अमेरिकन चित्रपटाची असली तरी तिला चढलेला साज सगळा मराठी होता. तात्याला नियम होता. ज्याला त्यानं आपलं गुपित प्रथम सांगितलं त्याच्याच शरीरात त्याला शिरता येणार होतं, म्हणून चित्रपटाचा नायक लक्ष्या याची सुटका नव्हती. त्या बाहुल्याला आम्ही तीस वर्षं हसतोय. त्याच्या आवाजाची नक्कल लग्नाच्या मांडवात होते, गॅदरिंगच्या रंगमंचावर होते. आणि तरी आजही एखादं पाच वर्षांचं पोर तो चित्रपट बघताना आईच्या पदराआड तोंड लपवतं. भीती आणि हसू एकाच घरात, एकाच सोफ्यावर सुखानं नांदतात. थट्टेनं भय मरतं हे खरं असतं तर 2013 मध्ये 'झपाटलेला 2' काढायची हिंमत कुणी केली नसती.

थट्टा हा प्रेमाचाच एक प्रकार असतो, हे समजून घ्यायला धुळ्याहून आग्रा रोडनं तासाभरावर असलेल्या मालेगावला जावं. जिल्हा नाशिकचा, पण खानदेशाच्या उंबऱ्यावरचं हे गाव. तिथं नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' बनवला आणि पुढं सुपरमॅनलाही मालेगावात उतरवलं. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ती सगळी धडपड दिसते. यंत्रमागावर काम करणारा शफीक हा किरकोळ अंगाचा तरुण सुपरमॅन होतो, आणि त्याची लढत गावातल्या घाणीशी आणि तंबाखूशी असते. जगातल्या सर्वांत बलाढ्य नायकाची ही उघड थट्टा होती. पण ज्यांना सुपरमॅन मनापासून आवडत नव्हता त्यांनी यंत्रमागाची पाळी करून उरलेल्या वेळात असला उपद्व्याप केला असता का? शफीक पुढं कर्करोगानं गेला. 2025 मध्ये रीमा कागती यांनी या मंडळींवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट काढला. ज्या थट्टेला जाणकार अपमान म्हणतात ती थट्टा करणाऱ्यांवर आता मुंबईत चित्रपट निघतात.

आता श्रद्धाळूंकडे वळतो. राक्षसाला हसणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं म्हणणाऱ्यानं एरंडोलला जावं. महाभारतातली एकचक्रा नगरी म्हणजे आपलं एरंडोल, असं या भागात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. जवळच्या पद्मालयाच्या परिसरात भीमकुंड दाखवतात आणि भीमानं बकासुराला तिथंच मारलं असं सांगतात. तो वध महाभारताच्या आदिपर्वात कसा सांगितलाय, ते जरा जवळून पाहू.

नगरीनं राक्षसाला ठरावीक दिवशी गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा, असा करार आहे. पाळी एका गरीब ब्राह्मणाच्या घरावर येते आणि कुंती त्या घरासाठी आपला मुलगा पाठवते. भीम गाडा घेऊन रानात जातो, राक्षसाच्या नावानं हाक मारतो आणि त्याच्यासाठी आणलेलं अन्न स्वतःच खायला बसतो. बकासुर धावत येतो, डोळे वटारतो, ओरडतो. भीम त्याच्याकडे पाहतही नाही. राक्षस दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत तडाखे घालतो, तरी याचा घास थांबत नाही. राक्षस झाड उपटून आणतो. भीम सगळं अन्न संपवतो, हात धुतो, हसतो आणि मग लढायला उठतो. राक्षस मेल्यावर भीम त्याचं धूड नगरीच्या वेशीवर नेऊन टाकतो, म्हणजे सकाळी लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, की ज्याला आपण इतकी वर्षं माणसं पोचवली तो हा.

हा सगळा प्रसंग राक्षसाची उघड फजिती आहे, आणि ती महाभारतकारांनी मुद्दाम रंगवली आहे. भीमानं आधी राक्षसाचं भय मारलं, मग राक्षस मारला. गाव ज्याच्यापुढं थरथरत होतं त्याच्याकडे पाठ करून तो जेवत बसला, तिथंच बकासुर हरला होता. कीर्तनकारानं हा प्रसंग सांगावा आणि मंडपात हसू उसळू नये, असं कधी झालंय का? कॉमिकमधल्या राक्षसाची खिल्ली उडवणारा एरंडोलचा मुलगा आपल्याच गावच्या कथेला जागतोय.

पुढच्या काळात या, तिथंही तेच. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भुतावर भारूड रचलं, आणि आजही भारुडकरी ते सादर करताना लोक पोट धरून हसतात. त्या हसण्यातूनच नाथांनी परमार्थ सांगितला. कोकणातल्या शिमग्यात आणि दशावतारात संकासुर येतो, तो राक्षस असूनही पोरांना हसवतो, दटावतो आणि सगळ्या खेळात भाव खाऊन जातो. सह्याद्रीतल्या आदिवासी पाड्यांवर मुखवट्यांचे उत्सव रात्रभर चालतात. त्यांत देवांबरोबर राक्षसांचीही सोंगं निघतात आणि बघणारे घाबरतातही, हसतातही. इतकं सगळं समोर असताना थट्टेला परकं ठरवणारे आपल्याच परंपरेला अनोळखी झालेत, असं मला स्पष्टपणे म्हणावंसं वाटतं.

श्रद्धाळूंच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. तापी-गिरणेच्या काठी, विहिरीच्या थारोळ्याशी शेंदूर लावलेले सात दगड दिसतात, त्या साती आसरा. बाळंतीण, लेकरू आणि पाणी यांच्यासाठी बायका त्यांच्यासमोर हात जोडतात. म्हसोबाला शेताच्या बांधावर नैवेद्य दाखवला जातो. एखाद्या कॉमिकवाल्यानं शहरात बसून, काहीही विचारपूस न करता, आसरांना बुडवून मारणाऱ्या चेटकिणी करून टाकलं, तर लोकांना राग येणार आणि तो रास्त आहे. पण तो राग कुणावर काढायचा? पूज्य दैवताला खलनायक कुणी केलं, लेखकानं की वाचकानं? असा खलनायक बघून वाचक हसला, तर तो लेखकाच्या अज्ञानाला हसतोय. श्रद्धाळूंनी अशा वेळी थट्टेखोरांचे आभार मानायला हवेत, कारण दैवताची बाजू तेच लावून धरताहेत.

राहिले विवेकवादी मित्र. त्यांच्याशी माझं भांडण घरातलं आहे, म्हणून जरा सविस्तर बोलतो. भूतच नको, म्हणजे भीती नको आणि अंधश्रद्धाही नको, हा हिशेब सरळ दिसतो. अमेरिकेनं तो एकदा करून पाहिला. 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाच्या पुस्तकानं तिथं खळबळ उडवली, सिनेटच्या उपसमितीपुढं सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड लादून घेतला. चालती प्रेतं, रक्तपिपासू पिशाच्चं, माणसाचे लांडगे, सगळ्यांवर बंदी आली. शीर्षकात भय हा शब्दसुद्धा चालेना. भयकथांसाठी गाजलेल्या ईसी या प्रकाशनसंस्थेला आपल्या मालिका गुंडाळाव्या लागल्या. पण त्याच संस्थेचं 'मॅड' मासिकाच्या रूपात टिकलं, फोफावलं आणि अमेरिकेच्या पिढ्यांना सत्ता, जाहिराती आणि पुढारी यांना हसायला शिकवून गेलं. भुतांवरची बंदीही कायम टिकली नाही. 1971 मध्ये कोड सैल करावा लागला आणि पिशाच्चं पुन्हा पानांवर आली. बंदीनं भूत जात नाही, हे त्यातून शिकायचं. अक्कल शिकवायला हसूच कामी आलं.

आणि हे दुसऱ्या कुणी विवेकवाद्यांना सांगावं, अशी गरज नाही. त्यांच्या चळवळीचं सर्वांत धारदार हत्यार तेच आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते धुळे-जळगावच्या शाळांत, यात्रांत, आठवडी बाजारांत चमत्कारांचं सादरीकरण करतात तेव्हा काय होतं ते आठवा. कार्यकर्ता भगवं वस्त्र पांघरून, मोठ्या आवाजात मंत्र म्हणत लिंबू कापतो आणि लिंबातून लालभडक रक्त येतं. पोरं गप्प होतात, मागच्या रांगेतल्या बायका पदर सावरतात. मग तो सुरी दाखवतो. पात्याला आधीच जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून वाळवलेला असतो, लिंबाच्या आंबट रसानं तो लाल होतो. क्षणभर शांतता, आणि मग सगळं मैदान हसतं. त्या हसण्यात बुवाची निम्मी सत्ता संपते. उरलेली निम्मी पुढच्या चर्चेत संपते. नुसतं व्याख्यान दिलं असतं तर मागच्या रांगेतल्या बायका ते ऐकायला थांबल्या असत्या का?

कॉमिकमधला मायावी खलनायक आणि त्याला हसणारा वाचक हा तोच प्रयोग आहे. सुरी वाचकाच्या हातात आहे, इतकाच फरक. भूत कागदावर आहे, वाचक त्याला उलटसुलट करून बघतो, त्याच्या शक्ती मोजतो, त्याच्या गोष्टीत खोट काढतो. हे करता करता त्याला सवय लागते. उद्या कुणी बुवा त्याच्या आजारी लेकरावर अंगारा टाकून सांगू लागला की अमक्या बाईनं करणी केलीय, तेव्हा त्या जुन्या सवयीचा उपयोग होतो. तो विचारतो, कशावरून? तिला काय मिळालं? तुला कसं कळलं? भुताला प्रश्न विचारायची सवय ज्याला लहानपणी लागली, तो मोठेपणी भगतालाही, म्हणजे गावच्या मांत्रिकालाही, प्रश्न विचारतो.

आणि भगताला प्रश्न विचारायची गरज खानदेशात आजही संपलेली नाही. सातपुड्याच्या रांगेत, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यापासून शिरपूर, चोपडा, यावलच्या डोंगरपट्ट्यापर्यंत डाकिणीची समजूत अजून जिवंत आहे. 1998 मध्ये वेगळा होईपर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होता, तेव्हा हे दुखणं शेजाऱ्याचं म्हणून झटकता येत नाही. गावात लेकरू दगावतं, गुरं मरतात, तापाची साथ येते. घरचे भगताकडे जातात, तो दाणे मांडतो आणि एका बाईचं नाव घेतो. बहुधा ती विधवा असते, एकटी असते, कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो आणि त्याच्यावर कुणाचा तरी डोळा असतो. मग तिला मारहाण होते, दंड होतो, तिला वाळीत टाकतात, गावातून हाकलतात. काही बायका यात जिवानिशी गेल्या आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच राज्यानं जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. कायदा आहे, पण पाड्यावर पोलिस पोचेपर्यंत भगताचं बोट आधी पोचतं.

आता थट्टा करणाऱ्यांनाही चार शब्द सुनावतो, कारण त्यांची बाजू घेतली म्हणून त्यांचं सगळंच मला मान्य आहे असं नाही. नवी खलनायिका डाकीण असते, तेव्हा ती कशी काढलेली असते ते बघा. म्हातारी, काळी, पिंजारलेले केस, दात पुढं, अंगावर आदिवासी दागिने. त्या चित्रावरून निघणारे विनोद तिच्या रंगावर, वयावर, एकटेपणावर जातात. पाड्यावरचा भगत ज्या बाईकडे बोट दाखवतो तीही नेमकी अशीच दिसते. मग आपलं हसणं आणि त्याचं बोट एकाच दिशेला जातं. असलं हसू भुताचं काहीच वाकडं करत नाही, एका जिवंत बाईचं वाकडं करतं. सत्तेला हसा, चेहऱ्याला हसू नका. मंत्राला हसा, अवताराला हसा, नियम मोडणाऱ्या लेखकाला हसा. म्हातारपणाला आणि आदिवासीपणाला हसलात, तर तुम्ही भीम राहत नाही, बकासुराला गाडा पोचवणाऱ्यांत जमा होता.

लेखक-चित्रकारांनाही एक मागणं आहे. खानदेशाच्या मातीतून खलनायक आणायचा असेल तर तो भगत आणा. भूत नसताना भूत दाखवणारा, दुसऱ्याच्या दुःखावर आपली जमीन वाढवणारा, बोट दाखवून माणूस मारणारा माणूस. त्याच्याइतका भयंकर आणि त्याच्याइतका पक्क्या नियमांनी चालणारा खलनायक दुसरा सापडणार नाही. त्याच्यासमोर ध्रुवासारखा डोक्यानं लढणारा नायक उभा करा. मग बघा, हेच टवाळखोर वाचक श्वास रोखून वाचतात की नाही.

जाणकारांना, श्रद्धाळूंना आणि विवेकवाद्यांना माझी विनंती एकच आहे. पोरं अंक हातात घेऊन नव्या राक्षसाची टर उडवत असतील, तेव्हा त्यांना गप्प करू नका, त्यांच्यात बसा आणि ती काय विचारताहेत ते ऐका. आणि पोरांनो, तुम्हीही ऐका. कागदावरच्या भुताला खुशाल हसा. पण उद्या तुमच्या गावानं एखाद्या बाईला भूत ठरवलं, तर हसू आवरा, तिच्या दारात जाऊन उभे राहा आणि पोलिसांना फोन करा.